सोलुखुम्बूच्या स्वास्थ्य चौक्यांवर पायी जाणाऱ्या इंजिनिअरांसाठी: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

डोंगरातल्या दवाखान्याचं सोलर, लसीचा फ्रिज किंवा ऑक्सिजनचं यंत्र दुरुस्त करायला स्वयंसेवक म्हणून जाणारे इंजिनिअर हुशारीत कमी पडत नाहीत, क्रमात चुकतात. सामान आधी विकत घेतात आणि गरज नंतर विचारतात. यंत्र आधी उघडतात आणि मोजमाप मागाहून करतात. घरच्यांनी समोर ठेवलेला चहा अर्धा टाकून त्याच दुपारी पुढच्या गावाची वाट धरतात. मग यंत्र काही महिन्यांत पुन्हा बंद पडतं आणि तिथल्या नर्सला ते कुणाला सांगावं हेही ठाऊक नसतं.

हे टिपण नेपाळच्या सोलुखुम्बू जिल्ह्यासाठी आहे. फाप्लू-सल्लेरीपासून जुनबेसी, नुनथला, खरीखोला, लुक्ला आणि वर नाम्चे हा पट्टा डोळ्यासमोर ठेवला आहे. तिथल्या सरकारी दवाखान्याला स्वास्थ्य चौकी म्हणतात. डॉक्टर क्वचितच असतो. हेल्थ असिस्टंट, अहेब म्हणजे सहायक आरोग्य कार्यकर्ता आणि अनमी म्हणजे सहायक नर्स-दाई ही माणसं चौकी चालवतात. तुमचं काम त्यांच्यासाठी आहे, हे धरूनच पुढे वाचा.

## टप्पा १: बोलावणं आणि कागद

नेपाळमध्ये २०१७ नंतर स्वास्थ्य चौक्या स्थानिक पालिकांच्या हाताखाली आल्या. म्हणून पहिलं पत्र त्या गाउँपालिकेच्या (ग्रामीण भागातल्या पालिकेच्या) किंवा नगरपालिकेच्या स्वास्थ्य शाखेला जातं, काठमांडूतल्या ओळखीच्या माणसाला नाही. पत्रात कोण येणार, कोणत्या चौकीवर, कोणत्या यंत्राला हात लावणार आणि खर्च कोण करणार, एवढं असावं. लेखी होकार आल्याशिवाय तिकीट काढू नका. एकट्याने जाण्यापेक्षा त्या भागात आधीपासून काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेबरोबर गेलेलं चांगलं. परदेशी संस्थांना तिथे समाज कल्याण परिषदेमार्फत काम करावं लागतं, हे संस्था निवडताना विचारून घ्या.

भारतीय नागरिकाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र जवळ ठेवा, आधार कार्डावर विसंबू नका. लुक्लाच्या वर जाणार असाल तर सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा आणि खुम्बू पासाङल्हामु गाउँपालिकेचा परवाना लागतो. उद्यानाच्या शुल्कात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे. हेलिकॉप्टरने सुटका होईल असा विमा घ्या आणि त्यात उंचीची मर्यादा किती लिहिली आहे ते स्वतः वाचा. पुष्कळ साध्या प्रवास विम्यांत ती मर्यादा तुमच्या वाटेच्या खालीच संपते.

सावध: तुमच्याकडे औषधं असतात, अंगावर जाकीट असतं आणि तुम्ही दवाखान्यातच बसलेले असता, त्यामुळे गावातली माणसं तुम्हाला डॉक्टर समजतात. कुणालाही गोळी देऊ नका. शेजारच्या खोलीतल्या अनमीकडे पाठवा.

## टप्पा २: महिना निवडणं

ट्रेकर ऑक्टोबर निवडतो, कारण आकाश स्वच्छ असतं. आपल्या कामाला तो महिना बहुतेकदा चुकीचा ठरतो. दसैं आणि तिहार, म्हणजे तिथले दसरा-दिवाळी, त्याच सुमारास येतात, चौकीतली अर्धी माणसं गावी गेलेली असतात आणि पालिकेत सही करायला कोणी सापडत नाही. मार्चअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत जावं, असं माझं ठाम मत आहे. याचं एक मोठं कारण बजेट. नेपाळचं आर्थिक वर्ष साउन महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्याला सुरू होतं आणि स्थानिक पालिकांना आपलं बजेट असारच्या १० तारखेपर्यंत, म्हणजे जूनच्या चोविसाच्या आसपास मांडावं लागतं. एप्रिलमध्ये तुम्ही चौकीची यादी केलीत, तर बॅटरीचा खर्च त्याच वर्षीच्या बजेटात जाऊ शकतो. नोव्हेंबरात केलेली यादी तोपर्यंत फायलीत दबलेली असते.

जून ते सप्टेंबर पावसाचा काळ. दरडी कोसळतात, विमानं रद्द होतात, पॅनलवर ऊन पडत नाही. शनिवारी सरकारी सुट्टी असते, तो दिवस चालण्यासाठी ठेवा.

## टप्पा ३: निघण्याआधीची फोनवरची चौकशी

हा टप्पा लोक गाळतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. "काय बिघडलंय?" असं विचारलंत तर "सोलर चालत नाही" एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा फोटो मागा: प्रत्येक यंत्राच्या मागच्या माहितीपट्टीचा, बॅटरीच्या टर्मिनलचा, चार्ज कंट्रोलरच्या (पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणाऱ्या डब्याच्या) दिव्यांचा, स्विचबोर्डाचा, आणि छत दिसेल असा बाहेरून एक.

मग तीन गोष्टी विचारा. यंत्र शेवटचं कधी चाललं? बंद पडण्याच्या आधी काय बदललं होतं (नवं यंत्र जोडलं, वीज पडली, छत दुरुस्त केलं)? आणि आता त्याच्याशिवाय काम कसं भागवता? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून खरी निकड कळते. सक्शन मशीन वर्षभर बंद आहे आणि कुणाचं अडलेलं नाही, पण रात्रीच्या बाळंतपणात मोबाइलच्या उजेडात टाके घालावे लागतात, असं ऐकलंत तर पहिलं काम दिव्याचं.

तपासा: नोंदीतल्या तारखा बिक्रम संवतात असतात. बॅटरीवर २०७८ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. त्यातून साधारण ५७ वजा करा म्हणजे इसवी सन मिळतं. बॅटरी खरंच किती जुनी आहे हे त्याशिवाय कळत नाही.

इकडे असतानाच एक तालीम करा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परवानगी काढून लसीचा फ्रिज कसा वापरला जातो ते पाहा आणि शहरातल्या एखाद्या रुग्णालयाच्या बायोमेडिकल विभागात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, उघडून बघा. सॉफ्टवेअरमधल्या इंजिनिअरांनी ही तालीम केल्याशिवाय जाऊच नये.

## टप्पा ४: सामान, वजन आणि ते कोण उचलणार

लुक्ला-फाप्लूच्या छोट्या विमानांत सामान्यतः मोठी बॅग १० किलो आणि हातातली ५ किलो एवढंच चालतं. गर्दीच्या मोसमात लुक्लाची उड्डाणं काठमांडूहून न होता रामेछापच्या मन्थली विमानतळावरून होतात, म्हणजे मध्यरात्रीचा रस्त्याचा प्रवास वाढतो. काठमांडूहून सल्लेरीपर्यंत जीप जाते. अवजारं जास्त असतील तर तोच मार्ग धरा. पॉवर बँक आणि लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. १०० वॉट-अवरच्या वरच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते.

पिशवीत काय असावं: डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आणि एक साधा मल्टिमीटर (एक बिघडला तर दुसरा), हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अॅसिडची घनता मोजणारा), ऑक्सिजन अॅनालायझर, इन्सुलेटेड पाने आणि स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, क्रिम्पिंग टूल आणि तांब्याचे लग, सोल्डरिंगचं सामान, वेगवेगळ्या क्षमतेचे डीसी फ्यूज, हीट श्रिंक, केबल टाय, हेडलॅम्प, रबरी हातमोजे, डोळ्यांचा चष्मा, पेट्रोलियम जेली, कायमस्वरूपी शाईचं मार्कर. वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते आणि आपले गोल पिनांचे प्लग बहुतेक ठिकाणी बसतात, त्यामुळे अॅडॉप्टरचा ढीग नको.

नवी बॅटरी देण्याचं वचन कधीही आधी देऊ नका. १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी अॅसिडसह ५० किलोच्या वर भरते. ट्रेकच्या भरियाच्या, म्हणजे हमालाच्या, पाठीवर ३० किलोपेक्षा जास्त ओझं देऊ नये, हा तिथला मान्य नियम आहे आणि तो पाळायचाच. म्हणजे बॅटरी खच्चरावरून जाणार, अॅसिड सांडू नये म्हणून वेगळी पेटी लागणार, आणि जुनी बॅटरी खाली आणायचा खर्चही तुमचाच. जुनी बॅटरी चौकीच्या मागे टाकून येणं म्हणजे गावाच्या पाण्याशेजारी शिसं आणि अॅसिड ठेवून येणं.

भरियाचा विमा, त्याचे बूट, थंडीचे कपडे आणि रात्रीची झोपायची जागा तुमच्या अंदाजपत्रकात लिहा. त्याच्या आजारपणाची सोय नसेल तर वर जाऊ नका.

## टप्पा ५: वाट

सह्याद्रीत घडलेले पाय इथे नक्की कामाला येतात, पण फुफ्फुसांची गोष्ट वेगळी. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. जुनबेसी हे राहतं गावच सुमारे २,७०० मीटरवर आहे, लुक्ला सुमारे २,८६० वर, नाम्चे ३,४४० च्या आसपास. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढा. डोकेदुखी आणि मळमळ असताना वर चढायचं नाही. चालताना तोल जात असेल, बोलणं गोंधळत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर त्याच वेळी खाली उतरायचं, रात्र असली तरी. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारून ठरवा.

दोन चौक्यांमधलं अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, तासांमध्ये विचारा आणि स्थानिक माणसाने सांगितलेल्या वेळेत निदान अर्धी वेळ आणखी मिळवा. नुनथलाहून दूधकोशीच्या पुलापर्यंत उतरून पुन्हा खरीखोलाकडे चढावं लागतं. नकाशावर जवळ दिसणारी ही गावं अवजारांसह दिवस खातात. खच्चर किंवा जोक्पे (याक आणि गाईच्या संकराची ओझ्याची जनावरं) येताना दिसले की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. झुलत्या पुलावर जनावरं असतील तर ती उतरेपर्यंत थांबा. मणी भिंत, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत, आली की ती उजव्या हाताला ठेवून पुढे जा.

## टप्पा ६: चौकीवर पोहोचल्यावर पहिला तास

अवजारांची पिशवी उघडायची नाही. बसायचं. चहा येईल, तो प्यायचा. ही औपचारिकता समजू नका, कारण याच तासात तुम्हाला कळतं की किल्ली कुणाकडे असते, रात्री दवाखान्यात कोण झोपतं, इन्व्हर्टर कोण बंद करतं आणि मागच्या वेळी आलेल्या पाहुण्यांनी काय अर्धवट सोडलं होतं. वयाने मोठ्या पुरुषाला दाइ, मोठ्या बाईला दिदी म्हणा, बुजुर्गांना बा आणि आमा, आणि वाक्यात हजुर असू द्या. नेपाळी देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे फलक आणि नोंदवह्या तुम्हाला वाचता येतात. याचा उपयोग करा आणि यंत्रांची नोंदवही मागून घ्या.

मग चौकीच्या प्रमुखांबरोबर सगळ्या खोल्या फिरा. रुग्ण आत असेल तर बाहेर थांबा. रुग्णाचा चेहरा येईल असा फोटो काढायचा नाही. शेवटी प्रमुखांना विचारा की यातलं एकच काम होणार असेल तर कोणतं करू? त्यांनी सांगितलेलं काम तुमच्या मते छोटं असलं तरी पहिलं तेच.

सावध: "बघू या, होऊन जाईल" असं कुणालाही सांगू नका. डोंगरात ते वचन धरलं जातं.

## टप्पा ७: उघडण्याआधी मोजमाप

आधी विजेचा जमाखर्च मांडा. प्रत्येक यंत्र किती वॉटचं आणि दिवसाला किती तास चालतं हे लिहून काढा. ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट घेतो, आठ तास चालला तर २.८ युनिट झाले. रिकामा चालू ठेवलेला इन्व्हर्टर २० वॉट खात असेल तर दिवसभरात जवळजवळ अर्धा युनिट तोच घेतो. अनेकदा काहीच बिघडलेलं नसतं. दिव्यांसाठी बसवलेल्या सोलरवर नंतर कुणीतरी दान दिलेला हीटर किंवा फ्रिज चढलेला असतो.

मग बॅटरी. काही तास भार आणि चार्जिंग दोन्ही बंद ठेवून १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.७ दिसलं तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. चार्जिंग चालू असताना घेतलेला आकडा निरर्थक असतो. प्रत्येक खाना हायड्रोमीटरने वेगळा तपासा. पाच खाने सारखे आणि एक फार खाली असेल तर बॅटरी गेली, टर्मिनल घासून काही होणार नाही. झाकण उघडून पाण्याची पातळी बघा आणि आधी कोणतं पाणी घातलं ते विचारा. झऱ्याचं पाणी घालण्याची चूक डोंगरात फार होते. डिस्टिल्ड पाण्याशिवाय काही घालायचं नाही आणि तेही पूर्ण चार्ज झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच.

सोलुखुम्बूतल्या बऱ्याच गावांना छोट्या जलविद्युत केंद्रांची वीज मिळते. तिथे दुपारचा व्होल्टेज पाहून समाधान मानू नका. संध्याकाळी घराघरात राइस कुकर लागले की व्होल्टेज कोसळतो आणि रात्री उशिरा भार कमी झाला की चढतो. म्हणून तीन आकडे हवेत: दुपार, संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास, आणि पहाटे. यंत्रांची सर्किटं ज्या कारणाने जळतात ते कारण या तीन आकड्यांत सापडतं. मुक्काम केल्याशिवाय ते मिळत नाहीत.

## टप्पा ८: उंचीमुळे वेगळं वागणारी यंत्रं

मैदानात बरोबर असलेला हिशेब इथे चुकतो, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

ऑटोक्लेव्ह, म्हणजे उपकरणं वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारं भांडं. आपल्याला १५ पीएसआय म्हणजे १२१ अंश सेल्सियस हे पाठ असतं. ते समुद्रसपाटीचं गणित आहे. गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतो आणि ३,५०० मीटरवर बाहेरची हवाच सुमारे साडेनऊ पीएसआयची असते. त्यामुळे गेजवर १५ दिसत असताना आतलं तापमान ११५ च्या आसपासच पोहोचतं. १२१ साठी गेजवर सुमारे २० पीएसआय लागतात. प्रत्येक भांडं तेवढ्या दाबासाठी बनवलेलं नसतं, म्हणून आधी त्यावरची कमाल दाबाची पट्टी वाचा. दाब वाढवता येत नसेल तर निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे वेळ वाढवावी लागते आणि प्रत्येक फेरीत रासायनिक इंडिकेटर पट्टी ठेवावी लागते. हा निर्णय चौकी प्रमुखांचा, तुम्ही त्यांना आकडे समजावून द्यायचे.

सावध: सेफ्टी व्हॉल्व्हवर वजन ठेवणं, तो घट्ट करणं, त्यात काही खुपसणं, यातलं काहीही करायचं नाही.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. विरळ हवेत त्याला कमी हवा मिळते. माहितीपट्टीवर किंवा पुस्तिकेत तो किती उंचीपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. दान आलेल्या यंत्रांत ही मर्यादा चौकीच्या उंचीपेक्षा कमी निघू शकते. अॅनालायझर लावून पूर्ण प्रवाहावर शुद्धता मोजा. ८२ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रवाह कमी करून पुन्हा मोजा आणि कोणत्या प्रवाहापर्यंत यंत्र विश्वासाचं आहे ते त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहा. त्याआधी फिल्टर धुऊन वाळवा. चुलीच्या धुराने तो बुजलेला असतो, बऱ्याचदा दोष तेवढाच असतो.

लसीचा फ्रिज. मैदानात लस गरम होण्याची भीती असते. इथे रात्री ती गोठण्याची भीती जास्त. आतलं तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये हवं. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प) यांसारख्या लसी गोठल्या की निकामी होतात आणि दिसायला तशाच राहतात. तापमान नोंदणाऱ्या यंत्रातली मागच्या ३० दिवसांची नोंद काढा आणि शून्याखाली गेलेली वेळ दिसली तर लगेच अनमीला दाखवा. लस टाकायची की ठेवायची हे त्या ठरवतील. लस वाहून नेण्याच्या कॅरिअरमध्ये ठेवायचे आइस पॅक फ्रीझरमधून थेट भरले जात नाहीत ना, हेही पाहा. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला हवा.

सोलर पॅनल. थंडीत पॅनलचा व्होल्टेज वाढतो, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. ४६ व्होल्टचे दोन पॅनल सिरीजमध्ये जोडले की ९२ झाले, कंट्रोलर १०० व्होल्टपर्यंतचा आहे, म्हणजे ठीक वाटतं. पहाटे उणे १० अंशांत तोच आकडा १०१ च्या वर जातो आणि कंट्रोलर जळतो. जोडणी बदलण्याआधी तिथल्या सर्वांत थंड सकाळचा हिशेब करा. पॅनल दक्षिणेकडे, २७-२८ अंशांच्या आसपास कललेले हवेत. वर बर्फ पडत असेल तर थोडे जास्त.

लिथियम बॅटरी. लिथियम आयर्न फॉस्फेट हलकी असल्याने वाहून न्यायला सोपी, पण शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नसतं. आतल्या उबदार भिंतीजवळ जागा नसेल तर तिथे लेड-अॅसिडच ठेवा.

## टप्पा ९: दुरुस्ती

यंत्रावर आधी देवनागरीत पाटी लावा: "प्रयोग नगर्नुहोस्", म्हणजे वापरू नका. रात्री बाळंतपण आलं तर अर्ध्या उघड्या यंत्राला कुणी हात लावू नये.

सोलर सोडवताना आधी भार बंद, मग पॅनल, शेवटी बॅटरी. जोडताना उलट: आधी बॅटरी, मग पॅनल, मग भार. हा क्रम चुकला की कंट्रोलर जातो आणि तो पुढच्या बाजारात मिळत नाही. पॅनलवर जाड कापड टाकून मगच कनेक्टर सोडा. डीसीचा ठिणगीचा झोत एसीसारखा आपोआप विझत नाही. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीची ऋण तार आधी सोडा आणि शेवटी जोडा.

एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येकानंतर मोजा. तिथल्या दुकानात न मिळणारा सुटा भाग बसवू नका. तुमच्या पिशवीतला छान आयात केलेला कंट्रोलर बिघडला की चौकी पुन्हा अंधारात. सल्लेरीत किंवा काठमांडूत जे मिळतं तेच लावा.

तपासा: संध्याकाळचा भार तुमच्यासमोर चढू द्या. पहाटे पुन्हा बॅटरीचा आकडा घ्या. त्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही.

## टप्पा १०: मुक्काम आणि पाहुणचार

बहुतेक वेळा चौकीतलं कुणी किंवा शेजारचं घर तुम्हाला ठेवून घेईल. इंजिनिअरांना वाटतं की आपण ओझं होतोय, म्हणून ते बिस्किटं खाऊन बाहेर झोपतात. घरच्यांच्या ते मनाला लागतं. राहा, पण त्यांच्या रीतीने राहा.

चूल पवित्र मानतात. तिच्यात कागद, प्लास्टिक, सिगारेट टाकायची नाही, तिच्याकडे पाय करायचे नाहीत. बोलावल्याशिवाय स्वयंपाकघरात जायचं नाही. उष्ट्याचा नियम आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात असायचा तसाच आहे: आपल्या ताटातला चमचा सामाईक भांड्यात जात नाही. देणं-घेणं उजव्या हाताने, मोठ्यांना दोन्ही हातांनी. ताट, जेवण किंवा बसलेला माणूस ओलांडायचा नाही.

पहिल्यांदा कमी वाढून घ्या, कारण आग्रह होणारच. शेर्पा घरात "शे, शे" म्हणत कप पुन्हा पुन्हा भरला जातो. लोणी-मीठ घातलेला चहा पहिल्या घोटाला परका वाटला तरी थंडीत तो खरोखर उपयोगी पडतो. पुरे झालं की "पुग्यो" म्हणा आणि कपावर हात ठेवा. छ्याङ किंवा रक्सी ही घरची दारू पुढे आली आणि घ्यायची नसेल तर सुरुवातीलाच हात जोडून सांगा, अर्धा प्याला टाकू नका. उंचीवर आणि दुसऱ्या दिवशी बॅटरीत हात घालायचा असताना न घेणंच बरं.

शाकाहारी असाल तर पोहोचल्याबरोबर सांगा, ताट समोर आल्यावर नाही. तोपर्यंत तुमच्यासाठी कोंबडी कापलेली असू शकते. उपवासाची अडचण नाही: खुम्बूत उकडलेले बटाटे मीठ-मिरचीबरोबर रोजचंच जेवण आहे.

पैशांचा प्रश्न अवघड वाटतो म्हणून लोक तो टाळतात, ते बरोबर नाही. वरच्या गावात तांदूळ, साखर, गॅस सगळं जनावराच्या किंवा माणसाच्या पाठीवरून येतं. लॉज किंवा होमस्टे असेल तर ठरलेला दर, घासाघीस न करता. घरी राहिलात तर निघताना घरातल्या थोरल्या बाईच्या हातात दोन्ही हातांनी, शांतपणे द्या. किती द्यावं हे तुमच्या स्थानिक सोबत्याला आदल्या रात्री विचारा. भारतीय १ रुपयाला नेपाळी १.६० असा ठरलेला दर आहे. खाली असतानाच सुटे नेपाळी रुपये घेऊन ठेवा. चहापत्ती किंवा साखर भेट म्हणून चालते. पोरांना वाटेत चॉकलेटं वाटू नका.

सावध: घरातला रेडिओ, इस्त्री, मोबाइल दुरुस्त करून द्यायला सांगतील. आनंदाने करा, पण चौकीचं काम संपल्यावर, आणि करता आलं नाही तर तसं स्पष्ट सांगा.

## टप्पा ११: काम कुणाच्या हाती सोपवायचं

हेल्थ असिस्टंट आणि अनमी यांच्या बदल्या होतात. कार्यालय सहयोगी, म्हणजे किल्ली सांभाळणारा, झाडलोट करणारा गावातला माणूस, तो राहतो. प्रमुखांसमोर त्यालाही शिकवा आणि हे त्याचं काम आहे हे प्रमुखांच्या तोंडून वदवून घ्या. तुम्ही करून दाखवलेलं शिकवणं नव्हे. त्याने तुमच्यासमोर फ्यूज बदलायचा, फिल्टर धुवायचा, व्होल्टेज वाचून वहीत लिहायचा. तुम्ही हात खिशात ठेवा.

भिंतीवर एकच कागद, नेपाळीत, प्लास्टिकमध्ये घालून: कोणता दिवा म्हणजे काय, काय आधी बंद करायचं, कुणाला फोन करायचा. फ्यूजचे दोन नग कंट्रोलरच्या झाकणाच्या आत चिकटवा. तारांना नावं द्या. वहीत तारीख बिक्रम संवतात लिहा, म्हणजे पुढचा माणूस वाचेल.

## टप्पा १२: खाली आल्यावर

परतीच्या वाटेवरच पालिकेच्या स्वास्थ्य शाखेत एक पान द्या: काय चाललं, काय राहिलं, कोणता भाग, अंदाजे किंमत, कुठे मिळतो. दहा पानांचा अहवाल असारच्या गडबडीत कोणी उघडत नाही.

महिन्याने चौकीला फोन करा. "सगळं ठीक आहे ना?" असं विचारू नका, उत्तर "ठीक छ" येईल. काल संध्याकाळचा बॅटरीचा आकडा विचारा आणि वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो मागा. नोंदी थांबल्या असतील तर कोणत्या तारखेला थांबल्या ते पाहा, त्या आठवड्यात काय झालं ते विचारा. मग पुढच्या वर्षी जाणाऱ्या गटाला ते पान, तुमची मोजमापं आणि राहिलेल्या कामांची यादी द्या, सामान विकत घेण्याआधी.